शाळेला स्मार्ट टीव्ही मिळालाय. वर्गात ई-लर्निंगचा प्रभावी वापर कसा करावा आणि कोणतं अ‍ॅप चांगलं?

अ‍ॅपचं आधी उरकते. दीक्षा घ्या. २०१७ पासून आहे, फुकट आहे, बालभारतीच्या पुस्तकातला क्यूआर कोड स्कॅन केला की त्या पाठाचं साहित्य उघडतं. घरी उतरवून ठेवलं की शाळेत रेंज नसली तरी अडत नाही. विज्ञानाला फेट, म्हणजे कोलोरॅडो विद्यापीठाची सिम्युलेशन्स. त्यातली बरीच मराठीतही आहेत. गणिताला जिओजेब्रा. एवढ्यावर बरीच वर्षं निघतील. तयार व्हिडिओंचे पेनड्राइव्ह विकायला येणाऱ्याला चहा पाजा आणि वाटेला लावा.

खरं तर मी लिहायला बसले ते तुम्ही प्रश्नाखाली जी ओळ लिहिलीत तिच्यामुळे. माजी विद्यार्थ्यांनी टीव्ही दिला, आणि आता मुख्याध्यापक म्हणतात की रोज किमान दोन तास तो चालू दिसला पाहिजे. हे वाचलं आणि माझं डोकंच फिरलं, कारण या तासांवरून मी एका गुरुजींशी भर शिक्षण परिषदेत, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षकांच्या बैठकीत, भांडलेली बाई आहे.

मी खटाव तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर होते, सहावी-सातवीला भूगोल आणि विज्ञान. शाळेच्या व्हरांड्यातून भूषणगड दिसायचा. ज्यांनी पाहिला नसेल त्यांच्यासाठी सांगते, सपाट मुलखात हा डोंगर एकटाच उभा आहे आणि वर हरणाई देवीचं देऊळ आहे. वर्गातलं प्रत्येक पोर आईबापाबरोबर देवीला जाऊन आलेलं. आणि सातवीच्या भूगोलात समोच्च रेषांचा, म्हणजे नकाशावर सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचा पाठ आहे. ज्यांनी तो शिकवलाय त्यांना पुढचं सांगायला नको. फळ्यावर एकात एक वेडीवाकडी वर्तुळं काढायची, पोरांनी ती वहीत उतरवायची आणि परीक्षेत ‘रेषा जवळजवळ असतील तर उतार तीव्र असतो’ असं लिहून मार्क घ्यायचे. गड ती जन्मभर खालून बघत आली, आणि नकाशा मात्र वरून बघायचा. घोडं तिथंच अडतं, आणि खडूने काही ते पुढे जात नाही.

म्हणून मी गूगल अर्थ उघडलं. आदल्या रात्री घरी नेटवर भूषणगडाचा परिसर सगळ्या बाजूंनी फिरून घेतला. एकदा बघितलेला भाग कॉम्प्युटरमध्ये साठून राहतो, वर्गात नेट गेलं तरी चित्र राहतं. वर्गात आधी गड आडवा दाखवला, जसा व्हरांड्यातून दिसतो तसा. मग हळूहळू दृश्य फिरवत बरोबर डोक्यावर आणलं. “बाई, गड चपटा झाला की ओ!” मला हेच ऐकायचं होतं.

आता त्या प्रोग्रॅममध्ये कर्सर जिथे न्याल तिथली उंची खालच्या कोपऱ्यात दिसते. भिंतीवर ड्रॉइंग पेपर जोडून चिकटवले होते, प्रोजेक्टर त्याच्यावरच मारला. एक पोर माउसवर, एक स्केचपेन घेऊन कागदापाशी, बाकीच्यांनी आकडा बघून ओरडायचं. ठरवलेली उंची जिथे जिथे सापडेल तिथे ठिपका. गडाभोवती एक फेरा पुरा झाला की २० मीटर वर चढायचं. भारतीय सर्वेक्षण विभागाच्या १:५०,००० च्या नकाशांवर साधारण एवढंच अंतर असतं, म्हणून तेच धरलं. दुसऱ्या फेऱ्याला एकजण म्हणाला, “बाई, आपण गडाला प्रदक्षिणाच घालतोय.” आणि एका बाजूला आल्यावर स्केचपेनवाली मुलगी वैतागली, “हितं ठिपक्यांना जागाच न्हाई ओ.” मागून कुणीतरी बोललं, “तिकडनं कोण चढतंय, सरळ कडाच हाय त्यो.” पाठ तिथेच संपला. पुस्तकातलं वाक्य मला उच्चारावंही लागलं नाही.

मग प्रोजेक्टर बंद केला. भिंतीवर ठिपके राहिले, पोरांनी ते जोडले आणि जो तो आपल्या वहीत गडाचा उभा छेद काढायला बसला.

नेमकं त्याच वेळी शाळाभेटीला अधिकाऱ्यांचं पथक आलं. बरोबर आमच्याच भागातले एक गुरुजी होते, तालुक्याचे तंत्रस्नेही, म्हणजे संगणकातले जाणकार शिक्षक. प्रशिक्षणं तेच द्यायचे आणि सत्कारही त्यांचेच व्हायचे. दारातूनच म्हणाले, “काय मॅडम, प्रोजेक्टर बंद?” मी काय चाललंय ते सांगितलं. त्यांनी भिंतीकडे पाहिलं आणि साहेबांना म्हणाले, “चित्रकलेचा तास दिसतोय.” मग स्वतःच्या पेनड्राइव्हवरचा समोच्च रेषांचा व्हिडिओ लावला. रंगीत, गाण्यासकट, टोपीवाला कार्टून माणूस डोंगरावर उड्या मारतोय. पोरांनी टाळ्या वाजवल्या, साहेब खूश. जाताना गुरुजींनी ई-लर्निंग वापराची नोंदवही मागितली. मी १५ मिनिटं लिहिली होती. “पूर्ण तास लिहा मॅडम, वर आकडे जातात.” मी म्हटलं, पडदा जेवढा चालू होता तेवढंच लिहिणार. शेरेबुकात शेरा पडला, ‘तंत्रज्ञानाचा वापर अपुरा’.

एवढ्यावर थांबते तर बरं होतं. पुढच्या शिक्षण परिषदेत त्यांनी केंद्रातल्या सगळ्या शाळांच्या वापराचे तास पडद्यावर लावले, आमचा वर्ग तळाला. वर म्हणाले, काही भगिनी अजून जुन्या वळणाच्या आहेत. तो प्रोजेक्टर बिघडला तेव्हा साताऱ्याला नेऊन स्वतःच्या पैशाने दुरुस्त करून आणणारी भगिनी मीच होते. उठले आणि विचारलं, “गुरुजी, तासभर फळा वापरला याची नोंद कुणी ठेवतं का? मग पडद्याची का?” उत्तर आलं नाही, चहा आला.

घटक चाचणीत मी पुस्तकात नसलेला नकाशा दिला आणि विचारलं, वर देवळाकडे गाडीरस्ता कुठून न्याल? बहुतेकांनी रेषा विरळ असलेल्या बाजूने, वळणं घेत रस्ता काढला आणि कारणही लिहिलं. व्हिडिओतलं काय आठवतं असं तोंडी विचारलं तर टोपीवाला आठवत होता.

तर तुमच्या टीव्हीवर फक्त तेच दाखवा जे फळा, पुस्तक आणि शाळेचं आवार दाखवू शकत नाही. हृदयाच्या झडपा उघडतात-मिटतात कशा, चंद्राच्या कला, विद्युत परिपथात तार तोडली तर काय होतं. कविता टीव्हीवर लावू नका, तुम्हाला गळा आहे. झाड तर दाखवूच नका, बाहेर आहे. व्हिडिओ सलग सोडायचा नाही. मधेच थांबवायचा, पुढे काय होईल ते पोरांना वहीत लिहू द्यायचं, मग पुढे. बंद केल्यावर न बघता काय आठवतं ते लिहायला लावायचं. रोडिगर आणि कार्पिके या दोघांनी २००६ मध्ये हेच तपासलं होतं. मजकूर पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा आठवून लिहिणाऱ्यांच्या तो आठवड्यानंतर जास्त लक्षात राहिला. लगेच विचारलं तर वाचणारेच पुढे होते, म्हणून तर भेटीच्या दिवशी व्हिडिओ भारी वाटतो.

आणखी एक खोड मोडा. व्हिडिओ बोलतोय, तीच वाक्यं खाली पट्टीवर येतायत आणि तेच आपण मोठ्याने वाचतोय. रिचर्ड मेयर नावाच्या मानसशास्त्रज्ञाने प्रयोगांवरून सांगितलंय की चित्र आणि आवाज असताना त्याच शब्दांची पट्टी टाकली तर शिकणं उलट कमी होतं, डोळे पट्टीवर जातात. पट्टी बंद करा, आपणही गप्प बसा. इंग्रजीचा पाठ असेल तर मात्र पट्टी राहू द्या, परक्या भाषेत तिचा आधार लागतो.

प्रोजेक्टर नाही, टीव्ही आहे म्हणून माझा ठिपक्यांचा प्रकार होणार नाही असं समजू नका. वह्यांना घालतो ते पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर पडद्यावर चिकटपट्टीने लावा आणि मार्करने त्यावर काढा, दाबून नाही. आणि टीव्ही बसवायच्या आधी शेवटच्या ओळीत स्वतः खाली बसून बघा, अक्षर दिसतं का. देणगीदारांना टीव्ही भिंतीवर उंच, हार घालता येईल असा हवा असतो. पोरांच्या माना दुखतात.

सगळ्या वर्गाला एकदम प्रश्न विचारायचा असेल तर प्लिकर्स हे अ‍ॅप बघा. पोरांच्या हातात कागदी कार्डं, फोन फक्त तुमच्याकडे. कार्ड उत्तराप्रमाणे फिरवून धरायचं, तुम्ही कॅमेरा फिरवला की कुणाचं काय उत्तर आलं ते कळतं. पुढच्या बाकावरची तीच ती दोन हुशार पोरं हात वर करतात, ते बंद होतं.

मुख्याध्यापकांना पेरूचं सांगून बघा. त्या देशाने मुलांना ८ लाखांहून जास्त लॅपटॉप वाटले. २०१२ मध्ये आंतर-अमेरिकी विकास बँकेने अभ्यास केला, तर गणितात आणि भाषेत फरक पडलेला नव्हता. यंत्र चालू होतं, शिकवणं जिथल्या तिथं. आमचे गुरुजी प्रत्येक भाषणात डिसले सरांचं नाव घ्यायचे. परितेवाडीच्या त्या सरांना २०२० चं ग्लोबल टीचर प्राइझ मिळालं ते पुस्तकातल्या क्यूआर कोडमधून मुलाला पाठ पुन्हा ऐकता-बघता यावा अशा खटपटींसाठी. पडदा किती तास पेटला होता म्हणून नव्हे.

तुमच्या दोन तासांवर उपाय एकच दिसतो. नोंदवहीत मिनिटांच्या शेजारी एक रकाना वाढवून घ्या, ‘पडदा बंद झाल्यावर मुलांनी काय केलं’. तो रोज भरायची वेळ आली की तासांचा आग्रह आपोआप ढिला पडेल.

गुरुजींच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. प्रत्येक मुलासमोर स्वतंत्र पडदा असेल आणि सॉफ्टवेअर त्याच्या पातळीप्रमाणे गणितं देत असेल, तर जास्त वेळाचा फायदा होतो. दिल्लीत माइंडस्पार्क नावाचं असं सॉफ्टवेअर वापरणाऱ्या मुलांवरचा अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला, त्यात गणितात चांगली वाढ दिसली. पण एका टीव्हीसमोर बसलेल्या अख्ख्या वर्गाला ते लागू नाही, आणि परिषदेत त्यांनी दाखवले ते तास एका पडद्याचेच होते.

लाइट बिल कोण भरणार ते देणगीदारांशी आत्ताच बोलून घ्या, स्टॅबिलायझरही मागा. तुमचा वर्ग कुठला ते लिहिलेलं नाही. पहिली-दुसरी असेल तर माझं ऐकू नका, त्या वर्गांवर मी कधीच नव्हते. तिथल्या बाईंनाच विचारा.