अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष काँग्रेसने (म्हणजे तिथल्या संसदेने) पास केलेलं बिल कायमचं अडवू शकतो का?

अडवू शकतो, पण कायमचं अडेलच असं नाही, कारण त्याने व्हेटो (नकाराधिकार) मारला तरी हाउस आणि सिनेट या दोन्ही सभागृहांनी दोन तृतीयांश मतांनी परत पास केलं की ते त्याच्या सहीशिवाय कायदा होतं. हे त्यांच्या राज्यघटनेच्या पहिल्याच कलमात आहे, बिल हातात आल्यावर रविवार सोडून १० दिवस मिळतात, तेवढ्यात सही करायची नाहीतर आक्षेप लिहून परत पाठवायचं, नुसतं टेबलावर पडू दिलं तर तेही कायदाच होतं. प्रत्यक्षात व्हेटो उलटवणं फार अवघड, फ्रँकलिन रूझवेल्टने ६३५ व्हेटो वापरले आणि त्यातले फक्त ९ उलटले. ट्रम्पच्या पहिल्या टर्मला संरक्षण खर्चाच्या बिलावर मात्र हे घडलं, हाउसने आधी आणि मग १ जानेवारी २०२१ ला सिनेटने ८१ विरुद्ध १३ मतांनी त्याचा व्हेटो उडवला. अपवाद एकच, तो महत्त्वाचा आहे: त्या १० दिवसांत काँग्रेसचं अधिवेशनच संपलं आणि सही झाली नाही तर बिल तिथेच मरतं, याला पॉकेट व्हेटो म्हणतात, आणि तो उलटवता येत नाही, बिल नव्याने आणावं लागतं.