तिन्ही दलांची खरेदी एकत्र का होत नाही?

प्रश्न : भाऊ, वाडीला माझा ट्रान्सपोर्टचा धंदा आहे. दोन सरकारी खात्यांचा माल नेतो, नावं घेत नाही. दोघांचे डेपो एकाच गावात आहेत, पण टेंडर दोन, रेट दोन, गेट पास दोन, दोन्ही गाड्या अर्ध्या भरून जातात अन रिटर्न खाली येतात. इथं असं आहे तर सैन्याच्या तीन दलांत काय होत असंल? पैसा तर आपलाच जाऊन राहिला ना?
— एक वाचक, वाडी, नागपूर

उत्तर : भाऊ, पैसा आपलाच आहे आणि थोडाथोडका नाही. 2025-26 चं संरक्षण बजेट सुमारे 6.81 लाख कोटी, त्यातले 1.6 लाख कोटी पेन्शनचे, नव्या खरेदीसाठी वगैरे 1.8 लाख कोटी. म्हणून तुमचा प्रश्न मला फार महत्त्वाचा वाटतो. चोरी झाली तर बोंब तरी होते, पण एकच गोष्ट तिघांनी तीनदा घेतली तर कागद सगळे बरोबर असतात आणि कोणालाच जाब विचारता येत नाही.

आपल्या भागातच बघा ना. वायुसेना नगरला एअरफोर्सच्या मेंटेनन्स कमांडचं हेडक्वार्टर आहे, विमानांची मोठी रिपेअरिंग, स्पेअर पार्ट, स्टोअर सगळं त्यांच्याकडे. पुलगावचा दारूगोळ्याचा डेपो आर्मीचा. नेव्हीचं मुंबई-विशाखापट्टणमला वेगळंच. आता पाणबुडीचा पार्ट एअरफोर्सच्या काही कामाचा नाही, ते वेगळंच राहणार. पण ट्रक, डिझेल, रेडिओ, ड्रोन यांचं काय? ध्रुव हेलिकॉप्टर तर तिन्ही दलांकडे आहे, कोस्ट गार्डकडेही आहे, जानेवारी 2025 ला पोरबंदरला कोस्ट गार्डचं ध्रुव पडलं तेव्हा सगळ्यांचीच ध्रुव उभी करून ठेवावी लागली. म्हणजे दुखणं सगळ्यांचं एकच आहे, मग स्पेअर अन रिपेअरिंगचा हिशोब एका ठिकाणी का नको? आणि एकत्र जमत नाही असंही नाही, सैन्याची वैद्यकीय सेवा 1948 पासून तिघांची मिळून आहे अन नीट चालते.

खरा घोळ खरेदीच्याही वर आहे, म्हणजे हुकूम कोणाचा इथं. आर्मीच्या 7 कमांड, एअरफोर्सच्या 7, नेव्हीच्या 3, मिळून 17. पूर्वेकडचंच घ्या, आर्मीची ईस्टर्न कमांड कोलकात्याला, एअरफोर्सची शिलाँगला, नेव्हीची विशाखापट्टणमला. उद्या तिकडे काही झालं तर तीन गावचे तीन साहेब आधी एकमेकांशी बोलणार मग पुढचं. चीनने 2016 मध्येच आपलं सगळं 5 थिएटर कमांडमध्ये बसवलं, म्हणजे एका भागातली सगळी दलं एकाच साहेबाच्या हुकमाखाली.

याची किंमत आपण कारगिलला मोजली आहे. मे 1999 च्या सुरुवातीला घुसखोर दिसले, आर्मीने हेलिकॉप्टरचा मारा मागितला, एअरफोर्सचं म्हणणं की आधी सरकारची परवानगी आणा, आणि एवढ्या उंचीवर हेलिकॉप्टर सहज टार्गेट होईल. हवाई हल्ले सुरू झाले 26 मे ला. दोनच दिवसांनी तोलोलिंगला एअरफोर्सचं एक एमआय-17 हेलिकॉप्टर पाडलं गेलं, आतले चौघेही गेले, मग त्या कामातून एमआय-17 काढूनच घेतली. म्हणजे एअरफोर्सची काळजी खोटी नव्हती आणि आर्मीची घाईही खोटी नव्हती, वर जवान मरत होते. पण हे भांडण लढाईच्या तोंडावर व्हायला नको होतं, ते आधीच एका टेबलावर मिटायला पाहिजे होतं, आणि तसं टेबलच नव्हतं.

बरं, तो वाद तिथं संपला का, तर नाही. अपाची ही लढाऊ हेलिकॉप्टर आली तेव्हा पुन्हा तेच, ती आर्मीची की एअरफोर्सची. शेवटी एअरफोर्सला 22 आणि आर्मीसाठी 2020 मध्ये वेगळा करार करून 6. त्या सहासाठी जोधपूरला वेगळं स्क्वाड्रन, म्हणजे तुकडी, मार्च 2024 मध्ये उभं केलं, आणि पहिली तीन मशीन आली जुलै 2025 ला. सव्वा वर्ष स्क्वाड्रन आहे पण हेलिकॉप्टर नाही! मला हे पटत नाही, एवढ्या महागड्या मशीनसाठी तरी दोन घरं नको होती.

प्रश्न : पण आता तिन्ही दलांचा मेळ घालायला सीडीएस (चीफ ऑफ डिफेन्स स्टाफ) आहेत ना, मग अडलं कुठं?
— एक वाचक, कामठी

उत्तर : 1 जानेवारी 2020 ला जनरल बिपिन रावत पहिले सीडीएस झाले, डिसेंबर 2021 मध्ये कुन्नूरजवळच्या अपघातात ते गेले आणि पुढचे सीडीएस जनरल अनिल चौहान यायला सप्टेंबर 2022 उजाडलं, नऊ महिने खुर्ची रिकामी. त्यात सीडीएस तिन्ही दलांबाबत संरक्षणमंत्र्यांना सल्ला देऊ शकतात, दलांमध्ये समन्वय करू शकतात, पण लढाईचा हुकूम त्यांच्या हातात नाही. ऑगस्ट 2025 मध्ये महूच्या परिषदेत हवाई दल प्रमुखांनी आपल्याकडे थिएटर कमांडची घाई नको असं उघड सांगितलं. त्यांची अडचणही समजून घ्या, लढाऊ विमानांच्या 42 स्क्वाड्रन मंजूर आहेत आणि मिग-21 निवृत्त झाल्यावर उरल्या 29, त्या वेगवेगळ्या थिएटरमध्ये वाटायच्या कशा? पण विमानं कमी आहेत म्हणूनच ती कुठं लागणार हे एकानं ठरवायला पाहिजे असं मला वाटतं.

प्रश्न : खर्च कापला तर सैन्य कमजोर नाही होणार?
— एक वाचक, धरमपेठ

उत्तर : कुठं कापता त्यावर आहे. आर्मीची स्वतःची गाई-म्हशींची फार्म होती, पहिलं 1889 ला अलाहाबादला निघालं, तेव्हा पलटणीला चांगलं दूध मिळायचं नाही म्हणून. पुढं गावोगावी डेअऱ्या झाल्या तरी ही 39 फार्म चालूच. लेफ्टनंट जनरल शेकटकर समितीने 2016 मध्ये असले खर्च कमी करायला सांगितलं आणि मार्च 2021 ला शेवटची फार्म बंद झाली. दुधावाचून कोणती पलटण अडली नाही, जमीन अन माणसं मात्र मोकळी झाली. असं अजून कुठं आहे ते कॅगच्या, म्हणजे सरकारी हिशोब तपासणाऱ्यांच्या, आणि संसदेच्या संरक्षण समितीच्या अहवालांत सापडतं, दोन्ही नेटवर फुकट आहेत. वाचा आणि आपल्या खासदाराला पत्र टाका, नुसतं व्हॉट्सॲपवर पाठवू नका.