वाचकांचे प्रश्न : पहिलं विमान कुठलं घ्यावं?

मागच्या अंकात रिमोटवर उडणाऱ्या इलेक्ट्रिक विमानांबद्दल चार ओळी लिहिल्या आणि टपाल एकदम वाढलं. निवडक पत्रांना इथे उत्तरं देतोय. सारखे प्रश्न एकत्र केले आहेत.

प्रश्न : मुलगा नववीत आहे. त्याचं मन सुखोईच्या मॉडेलवर बसलंय. दुकानदार म्हणतो, नवशिक्यालाही जमेल. घेऊ का?
— एक वाचक, अहिल्यानगर

उत्तर : आत्ता नको. लढाऊ विमानाच्या मॉडेलचे पंख आखूड असतात, त्यामुळे ते जोरात पळालं तरच हवेत टिकतं. नवशिक्याला नेमका विचार करायला वेळ हवा असतो आणि वेगवान विमान तो देत नाही. दुकानदाराला विमान विकायचंय, उडवायचं नाहीये.

पहिलं विमान मंद हवं. पंख धडाच्या वर बसवलेले, दोन्ही टोकांकडे किंचित उचललेले. विस्तार एक ते सव्वा मीटर, वजन किलोच्या आत. टोकं उचललेली का? विमान एका बाजूला कललं की त्याच बाजूला घसरू लागतं. घसरताना खालच्या पंखाला हवा जास्त कोनातून लागते आणि तो पंख आपोआप वर येतो. म्हणजे गोंधळ झाला की रिमोटच्या काड्या सोडून द्यायच्या, निम्मं काम विमानच करतं. फक्त त्यासाठी खाली जागा हवी, म्हणून नवशिक्यानं उंचावर उडवायचं. जमिनीलगत 'सुरक्षित' उडवू पाहणाऱ्यांचीच विमानं आधी मोडतात.

फोम ईपीपी किंवा ईपीओ जातीचा घ्या, तो दबतो, पण सहजासहजी फुटत नाही. मोटर पंखामागे, पाठीवर असेल तर फारच छान, कारण नाकावर आपटलं तरी पंखा (मोटरवर फिरणारा प्रोपेलर) आणि मोटर शाबूत राहतात. जर्मनीच्या मल्टिप्लेक्स कंपनीचं ईझीस्टार याच ठेवणीचं, आणि त्या वळणाची पुष्कळ विमानं बाजारात आहेत. दिसायला अगदीच साधं, मुलगा नाक मुरडेल. मुरडू द्या.

आता पैशांचं. विमान कधीतरी मोडणार, रेडिओ (म्हणजे हातातला रिमोट) आणि चार्जर मात्र वर्षानुवर्षं राहणार. म्हणून आधी रेडिओ : 2.4 गिगाहर्ट्झ, सहा चॅनेल, मोड 2, म्हणजे थ्रॉटल (मोटरचा वेग) डाव्या काडीवर. आपल्याकडे बहुतेक जण मोड 2 वरच उडवतात, त्यामुळे मैदानावर शिकवणारा भेटतो. फ्लायस्कायचा आय-6 इंजिनिअरिंगच्या होस्टेलांत सर्रास दिसतो, सुरुवातीला तो पुरे. घेतल्या दिवशी फेलसेफ लावा : सिग्नल तुटला की थ्रॉटल शून्यावर. पंखा काढून, रेडिओ बंद करून तपासा. पंखा न काढता घरात मोटर फिरवणाऱ्यांची बोटं मी पाहिली आहेत.

घरी बनवायचं असेल तर कॉलेजच्या पोरांचा ठरलेला संच आहे : ए2212 मोटर 1000 केव्ही (दर व्होल्टला मिनिटाला हजार फेरे), 30 अँपिअरचा ईएससी (मोटरचा वेग सांभाळणारा), 9 ग्रॅमचे सर्व्हो (पंख-शेपटीच्या पट्ट्या हलवणाऱ्या छोट्या मोटरी), तीन सेलची 2200 एमएएच लायपो (लिथियम पॉलिमर बॅटरी) आणि 10 बाय 4.5 इंची पंखा. थर्माकोल चालतो, सनबोर्ड जड पडतो. थर्माकोलला फेविक्विक लावू नका, डोळ्यांदेखत विरघळून खड्डा पडतो.

प्रश्न : चाळकेवाडीच्या पठारावर मोकळी जागा म्हणून गेलो. हातातून सोडल्यावर विमानानं नाक वर केलं, पुरुषभर वर गेलं, जागीच थबकलं आणि डावीकडे कोसळलं. मोटर कमी ताकदीची आहे का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : मोटर निर्दोष आहे. आधी जागेबद्दल : सरकारनं आणि कंपन्यांनी जिथे रांगेनं पवनचक्क्या उभ्या केल्या, तिथे वारा आहे हे आधीच सिद्ध झालंय. पहिलं विमान घेऊन तिथे कशाला जायचं? खाली गावाकडे, पीक निघालेलं रान शोधा. दिवाळीनंतर ते माघापर्यंत सकाळी नऊच्या आत हवा बहुधा शांत असते. गवताचं पातं हललं तर चालेल, झाडाची फांदी हलली तर घरी जा.

तुम्ही सांगितलेली पडण्याची रीत ओळखीची आहे. शेपूट जड, किंवा सोडताना नाक वर, किंवा दोन्ही. नाक वर गेलं, वेग संपला, पंखांनी हवा सोडली. यालाच स्टॉल म्हणतात. डावीकडेच का? पंखा मागून पाहिला तर घड्याळाच्या दिशेनं फिरतो, त्याची उलट पिळ धडाला डावीकडे वळवते. एरवी वेगात असताना ती जाणवत नाही, स्टॉलमध्ये तिचंच राज्य.

आता हे करा. बॅटरी जागेवर ठेवून विमान पूर्ण जोडा. पंखाची रुंदी, म्हणजे पुढच्या कडेपासून मागच्या कडेपर्यंतचं अंतर, मोजा. समजा 18 सेंटिमीटर. पुढच्या कडेपासून तिचा पाव ते एक तृतीयांश भाग, म्हणजे साडेचार ते सहा सेंटिमीटरवर, दोन्ही बाजूंना पंखाखाली पेनानं खूण करा. त्या खुणांवर दोन तर्जन्यांनी विमान उचला. नाक जरासं खाली झुकलं तर उत्तम. शेपूट खाली गेली तर बॅटरी पुढे सरकवा, जागा संपली तर नाकात शिसं घाला. कंपनीनं खूण दिली असेल तर तीच प्रमाण. पुष्कळ जण बॅटरी न ठेवताच तोल बघतात, त्याला काही अर्थ नाही.

सोडताना तोंड वाऱ्याकडे, थ्रॉटल पाऊण, पंख सपाट, आणि हात सरळ पुढे, क्षितिजाच्या रेषेत. ढगांकडे नाही. पहिल्यांदा दुसऱ्या कोणाला तरी सोडू द्या, तुमचे दोन्ही हात काड्यांवर असू द्या. दहा-बारा मजल्यांएवढी उंची मिळेपर्यंत वळू नका. मग थ्रॉटल निम्मा करून ट्रिम लावा, म्हणजे काड्या सोडल्यावरही सरळ उडेल अशी बारीक जुळवणी करा. विमान नेहमी वाऱ्याच्या वरच्या अंगाला ठेवा, म्हणजे काही बिघडलं तर ते तुमच्याकडे वाहत येईल, पलीकडच्या उसात जाणार नाही. उसात गेलेलं विमान तोडणीला सापडतं.

प्रश्न : काका, विमान माझ्यापासून लांब जाताना मला छान जमतं. पण माझ्याकडे येताना डावं-उजवं उलटं होतं आणि मी घाबरते. दादा म्हणतो, मुलींना हे जमत नाही.
— एक वाचक, इयत्ता आठवी, जळगाव

उत्तर : अगं, हे सगळ्यांचंच होतं, दादाचंही झालं असणार, विचार त्याला. विमान तुझ्याकडे तोंड करून आलं की त्याचा डावा पंख तुझ्या उजव्या हाताला येतो. डोक्यात उलटसुलट करत बसू नकोस. एकच बघ : तुझ्या नजरेला कुठला पंख खाली गेलाय? काडी त्या बाजूला ढकल. उजवीकडचा खाली, तर काडी उजवीकडे. खाली पडणाऱ्या पंखाला काडीचा टेकू द्यायचा.

हा सराव कॉम्प्युटरच्या सिम्युलेटरवर कर, तुझाच रेडिओ केबलनं जोडून. तिथे शंभरदा आपटलं तरी फोम लागत नाही. आणि जळगावला विमानतळ आहे, तेव्हा बाबांना नकाशा बघायला सांग, खाली लिहिलंय.

प्रश्न : परवाना लागतो का? आणि बॅटरी फुगली आहे, अजून चालते. वापरू का?
— नाशिक, येवला आणि पुण्याहून आलेली पत्रं

उत्तर : ड्रोन नियम 2021 मध्ये शिक्षण, संशोधन किंवा हौसेसाठी, डोळ्यांच्या टप्प्यात उडवायच्या 25 किलोपर्यंतच्या मॉडेलचा वेगळा वर्ग आहे. त्याला टाइप सर्टिफिकेट (मॉडेलच्या रचनेला सरकारी मंजुरी) लागत नाही. पण हवाई क्षेत्राचा नकाशा सगळ्यांना लागू. हिरव्या, म्हणजे परवानगी न लागणाऱ्या भागात 400 फुटांपर्यंत. विमानतळाच्या हद्दीपासून 8 ते 12 किलोमीटरच्या पट्ट्यात 200 फुटांपर्यंत. त्याहून जवळ असाल तर परवानगीशिवाय नाही. पुणेकरांना लोहगाव आणि नाशिककरांना ओझर लक्षात ठेवावं लागेल. नकाशा बदलत असतो, म्हणून निघण्याआधी दर वेळी बघा. येवलेकरांना जादा सूचना : संक्रांतीच्या आठवड्यात विमान कपाटात ठेवा. तुमच्या आकाशात तेव्हा हवेपेक्षा मांजा जास्त असतो.

फुगलेली बॅटरी वापरू नका. 'अजून चालते' हे वाक्य लायपोच्या बाबतीत धोक्याचं आहे. आत वायू तयार झालाय, पुढच्या चार्जिंगला ती पेटू शकते. चांगल्या बॅटरीचंही पथ्य आहे : भरलेला सेल 4.2 व्होल्टचा, त्यावर एक थेंब नको. उडवताना 3.5 च्या खाली जाऊ देऊ नका. आठवडाभर उडवायचं नसेल तर 3.8 वर ठेवा. भरून ठेवलेली बॅटरी कपाटात बसल्याबसल्या म्हातारी होते. चार्ज बॅलन्स चार्जरवरच (सगळे सेल सारखे भरणारा), 2200 एमएएचला 2.2 अँपिअरनं, फरशीवर, आणि तुम्ही घरात जागे असताना. निम्म्या थ्रॉटलला सरासरी 10 अँपिअर धरले तर दहा मिनिटं उडेल, पण टायमर सहावर लावा. उतरायला दुसरी संधी लागते तेव्हा ती चार मिनिटं कामी येतात.

प्रश्न : बहीण न्यू जर्सीहून डिसेंबरमध्ये येतेय. तिकडून तयार विमान मागवू का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तयार ड्रोनच्या आयातीवर 9 फेब्रुवारी 2022 पासून बंदी आहे, सुट्या भागांना मुभा आहे. आपलं फोमचं विमान ड्रोनसारखं दिसत नाही हे तुम्हाला-मला ठाऊक, पण ड्रोन नियम त्यालाही लागू आहेत; मग पहाटे तीनला कस्टम्सच्या टेबलावर हा वाद बहिणीनं का घालावा? तिला चांगले सर्व्हो आणि दोन-तीन जादा पंखे आणायला सांगा. बॅटरी आणणारच असेल तर टोकांना चिकटपट्टी लावून हातातल्या बॅगेत, सामानात टाकायची नाही. तीन सेलची 2200 म्हणजे साधारण 24 वॉट-तास, विमान कंपन्यांची नेहमीची मर्यादा 100 ची आहे. तरी तिकीट काढलेल्या कंपनीचा नियम आधी वाचायला सांगा. विमान मात्र इथेच घ्या, म्हणजे मोडलेला पंख पुढच्या रविवारच्या आत मिळेल.