एचआयव्हीच्या लसीत मुलीनं उमेदीची वर्षं घालवावीत का?

प्रश्न : मुलगी लातूरला मायक्रोबायॉलॉजी घेऊन बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला आहे. एचआयव्हीच्या लसीवरच संशोधन करायचं म्हणते. चाळीस वर्षांत जे कुणाला जमलं नाही, त्यात हिनं का पडावं? तुम्हीच समजवा. – एक पालक

नमस्कार. तुमची काळजी रास्त आहे, पण तिला मागं फिरवायचं काम माझ्याच्यानं होणार नाही.

लस का येत नाही ते आधी बघा. हा विषाणू आपल्या पेशीच्या डीएनएतच घर करतो आणि रूप इतक्या झपाट्यानं पालटतो, की काल तयार झालेल्या अँटिबॉडीला तो आज सापडत नाही. देवीतून, गोवरातून माणसं बरी व्हायची. शरीर त्या रोगाला हरवू शकतं हे डोळ्यांपुढं होतं. इथं तो दाखला जवळपास नाहीच. थायलंडमध्ये २००९ साली सोळा हजारांवर स्वयंसेवकांच्या चाचणीत लागण ३१ टक्क्यांनी कमी दिसली. तोच धागा पकडून दक्षिण आफ्रिकेत चाचणी झाली, ती २०२० मध्ये थांबवावी लागली : लस घेतलेल्यांत १२९ जणांना लागण, लसीऐवजी नुसतं औषधाविना इंजेक्शन टोचलेल्यांत १२३. हे आकडे वाचून मलाही वाईट वाटलं होतं. पण २०२२ मध्ये एका छोट्या चाचणीचे निष्कर्ष आले. ज्या दुर्मीळ बी-पेशींपासून पुढं प्रभावी अँटिबॉडी घडू शकतात, त्या ३६ पैकी ३५ जणांत जाग्या झाल्या. पहिलीच पायरी आहे, पण पक्की आहे.

तिचा दिवस कसा जाईल तेही सांगतो. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवलेली पेशींची कुपी काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात धरायची, बर्फाचा कण उरला की लगेच उचलायची. मग निळा रंग मिसळून सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजायच्या. निळ्या दिसतील त्या मेलेल्या. निळ्याच जास्त निघाल्या तर नमुना वाया. हे तिला सोसेल का, हा खरा प्रश्न आहे. हात मात्र वाया जात नाही. हेच कौशल्य कुठल्याही लसीच्या कंपनीत लागतं.

एम.एस्सी.साठी जॅम आणि गॅट-बी या दोन्ही प्रवेश परीक्षा द्यायला लावा. पुढं नेट या परीक्षेत जेआरएफ म्हणजे संशोधनाच्या शिष्यवृत्तीसाठी निवड झाली तर सुरुवातीला महिना ३७ हजार मिळतात, म्हणजे पीएच.डी.चा भार तुमच्यावर नाही. पुण्याजवळ भोसरीला पूर्वीची 'नारी', म्हणजे राष्ट्रीय एड्स संशोधन संस्था आहे. एचआयव्ही लसीची देशातली पहिली चाचणी २००५ मध्ये तिथंच झाली. अशा प्रयोगशाळेत दोन महिने काम करायला मिळेल का, हे तिनं स्वतः ईमेल करून विचारावं. पत्राला बायोडेटा आणि कॉलेजच्या सरांची शिफारस जोडावी. दोन महिने करून आली, की तिचं म्हणणं पुन्हा ऐका.