आधी गोष्ट, मग ‘हॅड’

चिरंजीव,
अनेक आशीर्वाद.

नववीला इंग्रजी शिकवताना आधी व्याकरण उरकावं की धडे, असं तू विचारलंस. माझं म्हणणं, ही वाटणीच करू नकोस. सोमवारी काळांचा तक्ता, बुधवारी धडा, शुक्रवारी शब्दार्थ असं चाललं की लेकरं तक्ता घडाघडा म्हणतात, शब्दार्थ वहीत उतरवतात, आणि स्वतःचं एक वाक्य बोलायची वेळ आली की खाली बघतात. त्यापेक्षा एक कथा घे, तिला सहा तास दे, आणि शब्द आणि व्याकरण दोन्ही तिच्याच पोटातून काढ.

उदाहरणाला ओ. हेन्रीची ‘द गिफ्ट ऑफ द मेजाय’ धरू. १९०५ सालची, न्यूयॉर्कमधली. नाताळच्या आदल्या दिवशी डेलाजवळ १ डॉलर ८७ सेंट आहेत आणि तिला नवऱ्यासाठी भेट घ्यायची आहे. ती आपले लांब केस २० डॉलरला विकते आणि जिमच्या घड्याळासाठी २१ डॉलरची साखळी आणते. जिमनं तिच्या केसांसाठी कंगवे आणलेले असतात, तेही तेच घड्याळ विकून. आपल्या पोरांना हे परकं वाटत नाही. केसावर भांडी देणाऱ्या बाया त्यांनी गल्लीत पाहिलेल्या असतात, म्हणून सुरुवात तिथूनच कर: केसाला किंमत असते का, कोण देतं, आणि स्वतःचे लांब केस कुणी विकेल का?

मूळ कथा दोन हजार शब्दांच्या आसपास आहे आणि लेखकानं जागोजाग अवघड शब्द मुद्दाम वापरलेत. ती जशीच्या तशी वर्गात नेलीस तर पहिल्याच परिच्छेदात निम्मा वर्ग गळेल. साडेतीनशे-चारशे शब्दांत तू स्वतः लिहून काढ. एका वाक्यात आठ ते बारा शब्द, एका परिच्छेदात एकच प्रसंग. नावं, रकमा आणि घटनांचा क्रम मात्र बदलू नकोस, कारण पुढचं सगळं व्याकरण त्या क्रमावर उभं आहे.

पहिल्या तासाला पुस्तकं बंद. फळ्यावर दोन रकाने कर, डेला आणि जिम. कुणाजवळ काय आहे, कुणाला काय हवं आहे, एवढंच लिही. सोप्या इंग्रजीत, हातवारे करत गोष्ट सांग. मध्येच हिशोब मांडायला लाव: १.८७ मध्ये २० मिळवले, २१ गेले, उरले किती? ८७ सेंट. इंग्रजीला घाबरणारं पोरगंही हे गणित करतं आणि तेवढ्यात गोष्टीत शिरतं. जिम दारात उभा आहे, इथं थांब. त्यानं काय आणलं असेल, ते मराठीतून सांगू दे. आलेलं उत्तर तू लहानशा इंग्रजी वाक्यात परत म्हण. शेवट दुसऱ्या तासाला, तू स्वतः मोठ्यानं वाचत असताना.

वाचताना ओळीमागून ओळ भाषांतर करू नकोस. मागून मराठी येणारच हे एकदा कळलं की लेकरं इंग्रजी ऐकणं सोडून देतात. एखादा शब्द किंवा अडलेली गाठ मराठीत सांग आणि पुढं चल. पुस्तकातल्या ओळींवर पोरं देवनागरीत उच्चार लिहून ठेवतात, त्यावरून रागावू नकोस. पण ते वाचताना डोळा इंग्रजी अक्षरांवर जातच नाही, मग स्पेलिंग येणार कुठून? पेन्सिलनं, फक्त पाच अवघड शब्दांवर लिहू दे, आणि चौथ्या तासाच्या आधी खोडायला लाव. ‘कोम’मधला शेवटचा बी मुका आहे, हे एकदा दाखवून दे. भूतकाळी ‘एड’ सगळीकडं ‘एड’ वाचला जातो, तोही इथंच सुधार: लुक्ट, क्राइड, वॉन्टेड. तीन उच्चार, तीन खाणाखुणा, गोष्टीतलीच क्रियापदं.

शब्दांचे दोन ढीग कर. कंगवा, घड्याळाची साखळी असले शब्द गोष्ट कळण्यापुरते आहेत, अर्थ सांगून मोकळी हो. दुसऱ्या ढिगात सहा ते आठच घे, जे पोरांना जन्मभर लागतील: सेल, बाय, सेव्ह, स्पेंड, वर्थ, एनफ. हे एकेकटे लिहून देऊ नकोस. सेव्ह मनी, स्पेंड ऑन, सेल फॉर असे जोडीनं दे. ‘वीस डॉलरला’ मधला ‘ला’ बघून लेकरं हमखास ‘सोल्ड टू ट्वेंटी डॉलर्स’ लिहितात. टू नंतर गिऱ्हाईक येतं, फॉर नंतर एकूण रक्कम आणि ॲट नंतर भाव. हे मोंढ्यावर, म्हणजे धान्याच्या बाजारात, नेऊन पक्कं कर. पाच क्विंटल सोयाबीन, भाव चार हजार धरू, तर ‘वुई सोल्ड इट ॲट फोर थाउजंड अ क्विंटल’ आणि ‘वुई सोल्ड इट फॉर ट्वेंटी थाउजंड’. ज्याच्या घरचा माल मोंढ्यावर जातो, ते पोरगं हे विसरणार नाही. तसंच डोक्यावरचे केस म्हणजे ‘हेअर’, एकवचनी. आपल्याकडं ‘केस लांब होते’ म्हणतात म्हणून ‘हर हेअर्स वेअर लाँग’ येतं. तिथं ‘हर हेअर वॉज लाँग’ हवं.

आता व्याकरण. या कथेत एकच मोठा मुद्दा घे, पास्ट परफेक्ट, म्हणजे ‘हॅड’ लावून होणारा भूतकाळ, कारण कथेचा पेचच ‘आधी काय झालं’ यावर आहे. फळ्यावर दोन वाक्यं एकाखाली एक लिही:

व्हेन जिम केम होम, डेला सोल्ड हर हेअर.
व्हेन जिम केम होम, डेला हॅड सोल्ड हर हेअर.

विचार, कोणत्या वाक्यात जिमला धक्का बसेल? पहिल्यात तो आल्यावर ती केस विकते, म्हणजे कथाच मोडते. दुसऱ्यात तो येतो तेव्हा केस गेलेले आहेत. खाली आडवी रेघ ओढून दोन खुणा कर, डावीकडं केस, उजवीकडं जिम. व्याख्या यानंतर सांग, किंवा नाही सांगितलीस तरी चालेल.

इथं मराठीमुळं होणारी एक चूक आधीच ओळखून ठेव. आपण ‘काल मी परभणीला गेलो होतो’ असं सहज म्हणतो. त्यात दुसरी घटना नसतेच. पोरं त्याचं ‘यस्टरडे आय हॅड गॉन टू परभणी’ करतात, जिथं नुसतं ‘वेन्ट’ हवं. त्यांना एक कसोटी दे: हॅड लिहिण्याआधी स्वतःला विचारायचं, “कशाच्या आधी?” उत्तर मिळालं तर हॅड, नाही तर साधा भूतकाळ. मग दहा वाक्यं दे, त्यातली चार-पाच हॅड न लागणारी. सगळीकडं हॅड लागणारा सराव दिलास तर कुणी विचारच करणार नाही.

‘डिड नॉट सोल्ड’ हीही मराठीतूनच आलेली. ‘विकलं नाही’ म्हणताना भूतकाळ आपल्या क्रियापदातच राहतो, इंग्रजीत तो डिड उचलतो आणि मागं उरतं नुसतं सेल. कारण कळलं की चूक सुटते, नुसती लाल रेघ मारून सुटत नाही.

इनडायरेक्ट स्पीचला वेगळा धडा नको. केस विकत घेणाऱ्या बाईशी डेलाचं दुकानात जे बोलणं होतं, तेच घे: ‘विल यू बाय माय हेअर?’ पाचव्या तासाला दोघं ते बोलतील, तिसरा वर्गाला सांगेल: ‘डेला आस्क्ड हर इफ शी वुड बाय हर हेअर.’ प्रश्नाचं इफ का होतं आणि विलचं वुड का, हे बोलणारं बदललं की त्यांच्या ध्यानात येतं.

शेवटच्या तासाला आठ वाक्यांत गोष्ट, जिमच्या बाजूनं लिहायची. गाइडमध्ये तयार उत्तर नसतं, म्हणून उतरवता येत नाही. साठ वह्या तपासताना फक्त हॅड आणि क्रियापदाचं रूप तपास, बाकी त्या दिवशी सोड. वही लालेलाल झाली की काय दुरुस्त करायचं तेच लेकराला कळत नाही. कृतिपत्रिकेची, म्हणजे परीक्षेच्या पेपरची, काळजी नको. उताऱ्यावरचे प्रश्न सोडवायला जे लागतं, घटनांचा क्रम, शब्दाचा त्या जागचा अर्थ, काळ, ते याच सहा तासांत होतं.

एक गोष्ट वेळापत्रक लावतानाच बघ. दिवाळीच्या आगेमागे ऊसतोडीला टोळ्या निघाल्या की काही बाकं रिकामी होतील. म्हणून एक कथा सहा तासांत पूर्ण होऊ दे, अर्धी दिवाळीनंतरवर ठेवू नकोस. जाणाऱ्या पोरांच्या हातात चारशे शब्दांची गोष्ट आणि दुसऱ्या ढिगातले ते सहा-आठ शब्द एका कागदावर दे. फडावर असतानाही ती गोष्ट धाकट्या भावंडाला वाचून दाखवता येते. परत आल्यावर त्या लेकराला आधी गोष्ट सांगायला लाव, मराठीत सांगितली तरी चालेल, आणि मग हॅडची दोन वाक्यं फळ्यावर पुन्हा लिही.

तू छाटलेली गोष्ट मला पाठव. वाक्यं लांब झाली असतील तिथं खूण करून परत देतो.

तुझा,
सर