वडिलांना स्ट्रोक, आजोबांनाही; आता माझ्या एमआरआयमध्ये पांढरे ठिपके. जनुकीय चाचणी करू का?

प्रश्न विचारणारे फोंड्याचे आहेत, वय ३९. वडिलांना ६१व्या वर्षी स्ट्रोक आला, आजोबाही 'अंगावरून वारं जाऊन' गेले. डोकं दुखतं म्हणून यांनी एमआरआय केला, तर रिपोर्टात 'थोडे बारीक पांढरे ठिपके' निघाले. आता विचारतात: हे घराण्यातच आहे का, माझ्याही मेंदूत सुरू झालंय का, आणि ऑनलाइन मिळते ती लाळेची जनुकीय चाचणी करून घेऊ का?

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. उत्तर गोव्यात सतरा वर्षं एमआरआय टेक्निशियन आहे. मंगळसूत्र, करगोटा, सेफ्टी पिना काढायला लावणारा, डोक्यावर पिंजऱ्यासारखी कॉइल बसवून 'वीस मिनिटं हलू नका हां' म्हणत काचेपलीकडे जाऊन बसणारा माणूस तो मी. रिपोर्ट रेडिओलॉजिस्ट लिहितात. पण चित्रं आधी माझ्या स्क्रीनवर उतरतात, आणि तुमचा प्रश्न माझ्या घरातही होता.

चाचणीचं नंतर बघू. आधी 'वारं गेलं' या शब्दाचा निकाल लावायला हवा, कारण सगळा घोळ त्यात आहे.

माझ्या आईच्या माहेरी, पेडण्याकडे, तीन माणसांच्या अंगावरून वारं गेलं. आजोबा संध्याकाळी शेतातून आले, डोकं गच्च धरून पायरीवर बसले, उलट्या झाल्या, पहाटेपर्यंत आटोपलं. मावशीला आयुष्यभर छातीत धडधड. एका दुपारी बोलता बोलता तिचे शब्दच गेले. आणि मामा. मामांच्या वेळी मी समोर होतो.

चवथीचा दुसरा दिवस, घुमट आरती रंगात आलेली. साथीला शामेळ आणि कासाळे जोरात, मामा घुमटावर, म्हणजे चामडं ताणलेल्या मडक्याच्या वाद्यावर. ज्यांनी घुमट जवळून पाहिलंय त्यांना माहीत असेल, उजव्या हाताची बोटं चामड्यावर पडतात आणि डावा तळवा मडक्याचं मागचं तोंड उघड-झाक करत असतो. तो घुमणारा खर्ज या डाव्या हातातून येतो. मामांचा उजवा हात तालात होता, पण घुमट पोकळ वाजायला लागलं. नुसतं टपटप. शामेळवाल्याने मान वळवून बघितलं. मामा स्वतः डाव्या हाताकडे असे बघत होते की जणू तो शेजाऱ्याचा हात आहे. आम्ही म्हटलं, दमले असतील. रात्री कोणीतरी तेल गरम करून हाताला चोळलं. सकाळी इस्पितळात नेलं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. आमचे बारा तास तेल चोळण्यात गेले होते. आणि घरात मी, रोज हीच चित्रं काढणारा! अजून लाज वाटते.

मामांच्या एमआरआयत काय दिसलं ते सांगतो, कारण तुमचे ठिपके समजायला त्याचा उपयोग आहे. स्ट्रोकमध्ये आम्ही पहिल्यांदा डिफ्यूजन नावाचा सिक्वेन्स घेतो, एक-दीड मिनिटाचं काम. रक्तपुरवठा तुटला की पेशींचे पंप बंद पडतात, पाणी आत शिरून अडकतं, आणि अडकलेलं पाणी या चित्रात दिव्यासारखं चमकतं. मामांच्या मेंदूत उजव्या बाजूला खोलवर वाटाण्याएवढा एक दिवा लागला होता. तो ताजा. मग फ्लेअर घेतला. यात मोकळं पाणी काळं केलेलं असतं, म्हणून जुने वण पांढरे उठून दिसतात. असे वण मामांच्या मेंदूत भरपूर, आणि मध्ये दोन जुनी बारीक भोकं. म्हणजे आधी दोन छोटे स्ट्रोक येऊन गेले होते आणि घरात कोणालाच पत्ता नव्हता, मामांनाही नाही. बीपीची गोळी त्यांनी 'आता बरं वाटतं' म्हणून दोन वर्षांपूर्वीच सोडली होती.

आता तिघं पुन्हा बघा. आजोबांचा स्कॅन नाही, पण डोकेदुखी, उलट्या, काही तासांत मृत्यू यावरून आमच्या डॉक्टरांनी रक्तस्रावाचा अंदाज बांधला. मावशीच्या हृदयाचे ठोके अनियमित होते, तिथे बनलेली गुठळी वर गेली. मामांच्या खोलवरच्या केसासारख्या रक्तवाहिन्या दाबाने जाड होऊन बंद पडल्या. आजार तीन, नाव एक. 'घराण्यात आहे' असं आम्ही तीस वर्षं म्हणत होतो. नेमकं काय आहे हे कोणी विचारलंच नाही.

जनुकांच्या संशोधकांचीही सुरुवातीला अशीच फसगत झाली. सगळे स्ट्रोक एका टोपलीत टाकून जनुकं शोधली की फारसं काही हाताला लागेना. प्रकार वेगळे केले तेव्हा खुणा दिसू लागल्या. चौथ्या गुणसूत्रावर पीआयटीएक्स२ या जनुकाजवळची खूण २००७मध्ये आधी हृदयाच्या अनियमित ठोक्यांशी जोडली गेली, मग हृदयातून येणाऱ्या गुठळीच्या स्ट्रोकशी. हा मावशीचा रस्ता. २०१२मध्ये सातव्या गुणसूत्रावरचं एचडीएसी९ सापडलं, ते मानेतल्या मोठ्या धमन्या अरुंद होऊन येणाऱ्या स्ट्रोकचं. मेंदूच्या पृष्ठभागाजवळ होणाऱ्या रक्तस्रावात एपीओई जनुकाच्या दोन प्रकारांचा हात असतो. २०२२मध्ये गिगास्ट्रोक हा प्रचंड अभ्यास आला: स्ट्रोक झालेले १,१०,१८२ लोक आणि तुलनेला १५ लाखांहून जास्त. त्यातून गुणसूत्रांवरच्या अशा एकूण ८९ जागा मिळाल्या. यातली एकेक जागा धोका किती वाढवते? चिमूटभर. शिवाय त्यातल्या कितीतरी जागा रक्तदाब, हृदयाचे ठोके अशाच वाटेने काम करतात, म्हणजे जे आपण दंडाला पट्टा बांधून मोजू शकतो तेच.

तुमचे ठिपके कुठे बसतात? ते फ्लेअरवरचे पांढरे वण. साठीनंतर थोडेफार बहुतेकांना असतात. ते किती आहेत याची ० ते ३ अशी फाझेकास श्रेणी आहे, १९८७पासून वापरात. तुमच्या रिपोर्टात ती लिहिली असेल तर बघा. ३९व्या वर्षी तीन-चार सुटे ठिपके अर्धशिशीवाल्यांत, सिगारेट ओढणाऱ्यांत, न तपासलेल्या बीपीत आणि कधी काहीच कारण नसताना दिसतात. तुम्ही एमआरआय डोकेदुखीसाठीच केला होता, हे विसरू नका. संशोधकांना मात्र हे ठिपके फार आवडतात. स्ट्रोक एक तर येतो किंवा येत नाही, पण ठिपके निरोगी माणसातही मोजता येतात, आणि कुटुंबांच्या अभ्यासांत त्यांच्या प्रमाणातला निम्म्याच्या आसपास फरक आनुवंशिक निघाला. २०११मध्ये सतराव्या गुणसूत्रावर त्यांची पहिली ठळक जागा सापडली. हजारो मेंदूंची सरासरी काढताना हे सोनं आहे. एका माणसाच्या फिल्मवर त्याच ठिपक्यांवरून भविष्य सांगणं म्हणजे एका खडीवरून डोंगर ओळखणं.

एक अपवाद आहे आणि तो सांगायलाच हवा. काही थोड्या घराण्यांत एकाच जनुकाने स्ट्रोक येतो. काडासिल हा त्यातला सर्वांत ओळखीचा आजार: एकोणिसाव्या गुणसूत्रावरच्या नॉच३ जनुकातला बिघाड, १९९६मध्ये शोधलेला. आई-वडिलांपैकी एकाला असेल तर प्रत्येक मुलाला निम्मी शक्यता. तरुणपणी डोळ्यांपुढे चमक येऊन अर्धशिशी, चाळिशी-पन्नाशीत बीपी नसतानाही स्ट्रोक, पुढे विसराळूपणा. याचे वण बसायची जागा ठरलेली असते: कानशिलामागे मेंदूचं जे टोक आहे तिथे. साध्या बीपीचे वण तिथे सहसा जात नाहीत. म्हणून तरुण माणसाच्या फ्लेअरमध्ये माझी नजर आधी त्या खालच्या स्लाइसवर जाते. सतरा वर्षांत तसं चित्र मी फार म्हणजे फार थोड्या वेळा पाहिलंय. तुमच्या रिपोर्टात त्या जागेचा उल्लेख आहे का, एवढं न्यूरॉलॉजिस्टना विचारा. त्यांना शंका आली तर जनुकीय चाचणी जरूर करा, पण समुपदेशन घेऊन. त्यावर मुळातून उपाय अजून नाही, आणि उत्तर आलं की तो तुमच्या भावंडांचाही प्रश्न होतो.

लाळेच्या किटला माझा सरळ नकार. त्यात वर सांगितलेल्या चिमटींची बेरीज करून तुम्हाला एक आकडा देतात. ही बेरीज बसवलेली माणसं बहुतांश युरोपीय वंशाची. आपल्याकडच्या १०,००० लोकांची जनुकं वाचणाऱ्या जिनोमइंडिया प्रकल्पाची माहिती संशोधकांना खुली झाली ती २०२५च्या जानेवारीत. गोंयच्या माणसाला तो आकडा किती लागू, हे किट विकणारा सांगत नाही.

आणि तुमच्याकडे त्याहून चांगली चाचणी आहे, फुकटची: वडिलांचं वय. अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात पिढ्यान्‌पिढ्या चाललेल्या अभ्यासातून २०१०मध्ये निघालं की आई किंवा वडिलांना ६५च्या आत स्ट्रोक आला असेल तर मुलांचा धोका सुमारे तिप्पट. बीपी-साखरेचा हिशेब वजा केल्यावरही तो उरला. तुमचे वडील ६१. म्हणजे 'काही नाही हो, घाबरू नका' असं मी म्हणणार नाही. तुमच्या वयात मूळ धोकाच लहान असतो, त्याची तिप्पट लहानच. पण पन्नाशीत ती तशी राहत नाही.

दुसरी बाजूही मोजलेली आहे. ब्रिटनमधल्या ३ लाख ६ हजार लोकांचा २०१८चा अभ्यास: जनुकीय धोका जास्त असलेल्या गटात कमी धोकावाल्यांपेक्षा ३५ टक्के जास्त स्ट्रोक, पण सिगारेट-वजन-आहार-व्यायाम बिघडलेल्या गटात ६६ टक्के जास्त, आणि हे जनुकं कशीही असली तरी. (इथेही सगळे युरोपीय वंशाचेच, आणि बीपी या हिशेबात धरलंच नव्हतं.) आमच्या घरी जनुकांच्या जोडीला मिठातली तोरं (कच्चे आंबे), खारे बांगडे आणि लोणच्याची बरणीही आजोबांकडून मामांकडे आलीच होती. त्यातलं कोणी काय केलं हे आता वेगळं काढता येणार नाही.

एक जनुकीय चाचणी मात्र वडिलांच्या उपयोगाची असू शकते, तुमच्या नाही. त्यांना क्लोपिडोग्रेल ही गुठळी टाळणारी गोळी चालू असेल तर ती यकृतात सीवायपी२सी१९ या एन्झाइमने 'चालू' व्हावी लागते. काहींच्यात हे जनुक मंद असतं, आणि आपल्या उपखंडात अशी माणसं बरीच आहेत. सर्रास करायची चाचणी नव्हे, पण गोळी घेत असतानाही पुन्हा झटका आला तर डॉक्टरांकडे विषय काढा. स्वतःहून गोळी बंद करू नका. मामांची गोष्ट वर आहेच.

मामांच्या नंतर मीही माझ्याच मशीनमध्ये झोपलो. रविवार होता, रेडिओलॉजिस्टना विचारून, सहकाऱ्याने स्कॅन घेतला. लोकांना 'ठकठक होईल, घाबरू नका' सांगणं वेगळं आणि आत पडून ती ऐकणं वेगळं. वय ४४, दोन ठिपके. श्रेणी १. रेडिओलॉजिस्ट चहा पीत म्हणाले, 'ठिपके राहू देत, बीपी किती?' मला सांगता येईना. घरी मशीन आणलं. आठवडाभर सकाळ-संध्याकाळ मोजलं तर वरचं १५०च्या खाली येईना. आज गोळीवर आहे, १२८ला असतं. ठिपके दोनच आहेत की तीन झाले, बघितलेलं नाही.

तेव्हा तुम्ही आधी वडिलांची फाइल काढा. स्ट्रोक रक्तस्रावाचा की गुठळीचा, गुठळीचा असेल तर हृदयातून, मानेतून की बारीक वाहिन्यांतून, हे डिस्चार्ज कार्डावर बऱ्याचदा लिहिलेलं असतं. ईसीजीत ठोके अनियमित होते का, मानेचा डॉपलर (धमन्यांची सोनोग्राफी) झाला होता का तेही बघा. त्यांच्या आणि तुमच्या दोन्ही फिल्म आणि सीडी घेऊन एकाच न्यूरॉलॉजिस्टकडे एकाच दिवशी जा. सोबत तुमचं आठवडाभराचं बीपी कागदावर. वडिलांना पुन्हा काही झालं, किंवा तुम्हाला, तोंड वाकडं, हात पडला, बोलणं अडखळलं, तर लगेच १०८, आणि लक्षण सुरू झालं ती वेळ लिहून ठेवा.

फिल्म पोटमाळ्यावर असतील तर सांभाळून. आपल्या पावसाळ्यात त्या एकमेकींना चिकटतात आणि ओढल्या की वरचा थर निघून येतो. लोक तशाच फाटक्या घेऊन येतात. चिकटल्या असतील तर सोडवत बसू नका, सीडी शोधा, नाहीतर जिथे स्कॅन केला तिथे दुसरी प्रत मागा.