विचारा तर खरं : हात खाली, नजर समोर

प्रश्न : मी सोलापूरच्या साखर पेठेत राहते. वडील चादरीच्या कारखान्यात चौकटीच्या कागदावर डिझाइनचे ग्राफ काढतात. मला तेच काम कॉम्प्युटरवर शिकायचंय, शिवाय माणसांची चित्रंही काढायचीत. त्यासाठी पेनने चित्र काढायचा ड्रॉइंग टॅबलेट घ्यायचाय. दुकानदार म्हणतो, ‘८१९२ लेव्हलचा स्क्रीनवालाच घ्या.’ लॅपटॉप जुना आहे आणि आमच्याकडे लाइट फार जाते. काय घेऊ?

उत्तर : पोरी, आधी तो ८१९२ बाजूला ठेव. पेन किती दाबलं हे टॅबलेट किती पायऱ्यांत मोजतो, एवढाच त्याचा अर्थ. वॅकॉम कंपनीचा ‘वन बाय वॅकॉम’ हा टॅबलेट २०४८ पायऱ्यांचा आहे आणि त्यावर लोक पोटापाण्याची कामं करतात. दोन्हींतला फरक तुझ्या हाताला कळायचा नाही, माझ्याही नाही. हाताला कळतं ते दुसरंच : किती हलक्या दाबावर रेघ उमटायला लागते. दुकानात उभ्या उभ्या बघ. पेन नुसतं टेकव आणि वजन न देता ओढ. रेघ आली तर पुढे बोल. जोर लावावा लागला तर ठेव खाली, दुकानदार कितीही गोड बोलू दे.

तुझ्यासाठी बिनस्क्रीनचाच बरा, म्हणजे पेन पाटीवर फिरवायचं आणि चित्र लॅपटॉपवर बघायचं. तो यूएसबीच्या एका वायरीने लॅपटॉपच्याच करंटवर चालतो. स्क्रीनवाल्याला बहुतेक वेळा वेगळा करंट लागतो, म्हणजे लाइट गेली की लॅपटॉप चालू आणि तू बसलीस हात चोळत. हात खाली आणि नजर समोर, याची सवय व्हायला वेळ लागतो. तोवर नुसत्या रेघा आणि गोल काढ. लगेच चेहरे काढायला गेलीस तर चिडशील. मान मात्र वाचते. ग्राफवर जन्मभर वाकून बसलेल्या आम्हा लोकांच्या माना कशा आहेत, ते वडिलांना विचार.

माप मधलं घे, म्हणजे साधारण २१६ बाय १३५ मिलिमीटर. १५२ बाय ९५ च्या छोट्यात सगळं मनगटावर येतं आणि लांब वेल तुटक तुटक निघते. वेलीला कोपर हलायला हवं.

आणल्यावर पहिलं काम मॅपिंगचं, म्हणजे टॅबलेटचा किती भाग स्क्रीनला जोडायचा ते ठरवायचं. लॅपटॉपची स्क्रीन १६:९ (रुंदी १६ तर उंची ९) असेल तर २१६ रुंदीला १२१.५ उंचीच पुरते. वरचे-खालचे मिळून साडेतेरा मिलिमीटर सेटिंगमध्ये सोडून द्यायचे. नाही सोडले तर तू हाताने गोल काढशील आणि स्क्रीनवर तो आडवा पसरेल. मग पोरं महिनोन्महिने स्वतःच्या हाताला दोष देत बसतात.

आता चादरीचं. माणसांच्या चित्राला दाब हवा, जॅकार्डच्या, म्हणजे मागावर नक्षी विणणाऱ्या यंत्राच्या, ग्राफला तो नको. ग्राफमधलं घर भरलेलं असतं नाहीतर रिकामं; अर्धवट करडं घर मागाला कळत नाही. म्हणून ग्राफ काढताना कडा मऊ न करणारा एका पिक्सेलचा ब्रश घ्यायचा आणि त्याचा दाब बंद करायचा. क्रिटा या चित्र काढायच्या सॉफ्टवेअरमध्ये असे ब्रश तयार मिळतात आणि क्रिटा फुकट आहे. दुसरी गोष्ट, इंचात उभे धागे ६० आणि आडवे ४० धरले, तर स्क्रीनवरचा ६० बाय ६० चा गोल कापडावर एक इंच रुंद आणि दीड इंच उंच उतरतो. मोराचा डोळा लांबट झाला की मालक आधी डिझाइनवाल्यालाच बोलवतात. गोल हवा तर ६० बाय ४० च्या घरांत बसव. खरा हिशोब वडिलांकडून घे, तो प्रत्येक मालाला वेगळा.

वडिलांचे जुने ग्राफ टाकू नकोस. कागद टॅबलेटवर चिकटपट्टीने बसव आणि वरूनच पेन फिरव. बिनबॅटरीचं पेन टॅबलेटच्या चुंबकीय क्षेत्रावर चालतं, कागद मध्ये आला तरी त्याला फरक पडत नाही. निब, म्हणजे पेनाचं टोक, मात्र लवकर झिजते. ती तिरकी, धारदार झाली की बदल, नाहीतर पृष्ठभागावर चरे पडतील.

प्रश्न : नात सहावीत आहे, चित्रं छान काढते. तिला आयपॅड आणि पेन्सिल घेऊन द्यावी का? (एक आजोबा, जुळे सोलापूर)

उत्तर : नका घेऊ, निदान एवढ्यात. घरात कॉम्प्युटर असेल तर छोटा बिनस्क्रीनचा टॅबलेट पुष्कळ झाला. फोनला जोडायचा विचार असेल तर तुमचाच फोन दुकानात घेऊन जा आणि जोडून बघा; सगळे टॅबलेट सगळ्या फोनवर चालत नाहीत आणि फोन उभा धरला की बऱ्याच टॅबलेटांचा थोडासाच भाग काम करतो. आणि कागद-खडू बंद करू नका.

प्रश्न : फ्लेक्सच्या दुकानात काम करतो. फोटोशॉपमध्ये पेन टेकवलं की आधी गोल चक्र यायचं, मग रेघ. मित्राने ‘विंडोज इंक’ बंद करायला सांगितलं. चक्र गेलं, पण आता रेघ सगळीकडे सारखीच जाड येते.

उत्तर : मित्राने निम्मं बरोबर सांगितलं. विंडोज इंक म्हणजे विंडोजमधली पेनची सोय; फोटोशॉप दाबाची माहिती सहसा तिच्याकडूनच घेतं, त्यामुळे ते बंद केलं की दाब गेला. ते परत चालू कर. चक्र येतं ते पेन दाबून धरलं की राइट क्लिक व्हावं म्हणून. कंट्रोल पॅनेलमध्ये ‘पेन अँड टच’ उघड, ‘प्रेस अँड होल्ड’च्या सेटिंगमध्ये जा आणि तिथली टिक काढ.

एवढं करूनही पेन अडखळलं तर त्या मशीनवर आधीच्या कुठल्या टॅबलेटचा ड्रायव्हर (टॅबलेट चालवणारं सॉफ्टवेअर) राहिलाय का बघ. दुकानातल्या मशीनवर हमखास असतो. दोन कंपन्यांचे ड्रायव्हर एकत्र नांदत नाहीत. दोन्ही काढ, मशीन बंद करून चालू कर आणि मग जो टॅबलेट जोडलाय त्याचाच ड्रायव्हर कंपनीच्या साइटवरून घेऊन टाक. वाढदिवसाच्या फ्लेक्सची गर्दी असेल त्या दिवशी हे काम काढू नकोस, सकाळी दुकान उघडल्या उघडल्या कर.